तळ बांधावा की सोडावा?

बदलीच्या नोकरीत ज्यांचे आयुष्य गेले त्यांना घरांविषयी पुष्कळ गोष्टी ठाऊक असतात. कोणत्या क्वार्टरला पश्चिमेचे ऊन लागते, कोणत्या गावचे पाणी जड, कोठे दूध बरे मिळते, कोठे मुलांची शाळा जवळ, हे सारे सामान उतरण्यापूर्वीच विचारून घेतले जाते. एक प्रश्न मात्र आम्ही पस्तीस वर्षांच्या नोकरीत कोणत्याही गावी विचारल्याचे आठवत नाही, आणि या मासिकाच्या वाचकांपैकी फारच थोड्यांनी तो विचारला असेल, अशी आमची अटकळ आहे. या घरातले सांडपाणी जाते कोठे? मोरीच्या जाळीखाली पाणी दिसेनासे झाले की ते आपले राहत नाही, ते सार्वजनिक बांधकाम खात्याचे होते, अशी आमची श्रद्धा होती. तिला श्रद्धाच म्हटले पाहिजे. कारण तिच्यामागे विचार असा कधीच नव्हता.

तो प्रश्न आम्हांला प्रथम विचारला तो एका मेस्त्रीने. निवृत्तीनंतर बंगळूरच्या पूर्वेस, होस्कोटेच्या बाजूला, येथे ज्याला थर्टी-फॉर्टीची साइट म्हणतात तेवढ्या जागेत आम्ही घर बांधावयास काढले. शहराची गटारे अद्याप त्या वस्तीपर्यंत पोहोचलेली नाहीत. पाया भरून झाला तेव्हा मेस्त्री अंगणाच्या कोपऱ्यात उभा राहून म्हणाला, "सार्, पिट येथे घेऊ. सिमेंटच्या रिंगा उतरवतो, तळ मोकळा सोडतो. पाणी आपोआप जिरते. वीस वर्षे झाकण उघडावे लागणार नाही. खर्चही निम्मा." आम्ही विचारले, तळ बांधला तर? तो हसला. "बांधला तर भरणार, सार्. भरला की उपसणार कोण? या लेआउटमध्ये सगळ्यांनी तळ सोडलेलाच आहे."

प्रश्न चार पोती सिमेंटचा होता. तो आमच्या मनात इतके दिवस घोळत राहील असे त्या वेळी वाटले नव्हते.

ज्यांनी ही टाकी कधी पाहिली नाही त्यांच्याकरिता तिचे काम थोडक्यात सांगणे इष्ट आहे. फ्रान्समध्ये मूरास नावाच्या गृहस्थाने 1860 च्या सुमारास तिचा पूर्वावतार बांधला, आणि 1895-96 च्या सुमारास इंग्लंडातील एक्झेटर येथे डोनाल्ड कॅमेरॉन याने तिला सेप्टिक टँक हे नाव दिले. टाकीत मैला आला की जड भाग तळाशी बसतो, तेलकट भाग साय धरल्यासारखा वर तरंगतो, आणि मधले गढूळ पाणी दिवसदीड दिवस थांबून पुढे सरकते. तळाशी हवेवाचून जगणारे सूक्ष्म जीव गाळाचे सावकाश पचन करतात व त्यातून वायू निघतो. मुंबईत माटुंग्याच्या महारोग्यांच्या आश्रमात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाच वायू धरून त्यावर दिवे लावले होते, ही गोष्ट आपल्या लोकांना फारशी ठाऊक नाही. परंतु पचन पूर्ण होत नाही. गाळ साठत जातो, तो दोनतीन वर्षांनी उपसावाच लागतो. आणि पुढे सरकणारे पाणी दिसावयास बरे असले तरी त्यातील दोष निम्म्याहून अधिक शिल्लक असतो. सारांश, ही टाकी घाण नाहीशी करीत नाही. ती घाणीला घरमालकाच्या अंगणात काही काळ थांबवून धरते. तळ सोडला की ती तेवढेही करीत नाही.

मग 'पाणी जिरते' याचा अर्थ काय? कोकणात किंवा नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत जिरणारे पाणी मातीच्या थरांतून हळूहळू उतरते, आणि माती त्याला पुष्कळ अंशी शुद्ध करते. हे खरे आहे. बंगळूरच्या खाली मात्र ग्रॅनाइट व नीसचा कठीण खडक आहे. वरचा मुरमाड थर कोठे जाड, कोठे अगदी पातळ. खडकात पाणी भेगांतून वाहते, आणि भेगेला गाळणी नसते. एका अंगणात शिरलेले पाणी वाट मिळेल तसे दुसऱ्याच्या बोअरवेलमध्ये निघते. या शहराच्या भूजलात नायट्रेट वाढल्याचे आढळून आले आहे, आणि तान्ह्या मुलाच्या रक्तातील प्राणवायू वाहण्याची शक्ती तो हरण करतो. आमच्या कोपऱ्यापासून शेजारची बोअरवेल तीस फुटांवर आहे. त्या घरात भाडेकरू आहेत. त्यांच्याकडे सहा महिन्यांचे मूल आहे.

येथे एक गोष्ट नमूद केल्यावाचून राहवत नाही. टाकी कोणत्या दिशेस असावी याविषयी आम्हांला पाच जणांनी आपण होऊन सल्ला दिला. ईशान्येस सर्वथा नको, नैर्ऋत्येस घरधन्याला त्रास, वायव्येस चालेल, असे त्यांचे एकमत होते. तिच्यातले पाणी कोणाच्या विहिरीच्या दिशेने जाईल, याविषयी पाचांपैकी एकानेही शब्द काढला नाही. आमच्या शास्त्रांना शेजारी ठाऊकच नव्हता असे मात्र नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात घराचे सांडपाणी आणि उकिरडा शेजाऱ्याच्या भिंतीपासून अंतर राखून असावा, न राखल्यास दंड करावा, असे सांगितले आहे. दिशा लक्षात राहिल्या आणि अंतर विसरले गेले.

मेस्त्रीचा मुख्य मुद्दा मात्र दिशेचा नव्हता. सगळ्यांनी तसेच केले आहे, हा होता. हा युक्तिवाद आपण हसण्यावारी नेतो, पण नीट पाहिले तर तो फार बळकट आहे. चाळीस घरांनी तळ सोडले आहेत. ती बोअरवेल बिघडावयाची असेल तर बिघडलेलीच आहे. एकेचाळिसाव्या घराने तळ बांधला म्हणून त्या मुलाच्या पाण्यात मोजता येईल एवढाही फरक पडणार नाही. आणि फरक पडत नसेल तर चार पोती सिमेंट कोणत्या धर्मासाठी खर्चावयाचे? परिणामावरून कृतीची बरीवाईट पारख करणाऱ्या तत्त्वज्ञांना या प्रश्नाने नेहमीच अडचणीत आणले आहे. सर्वांच्या मिळून होणाऱ्या अपायात एकेकाचा वाटा जवळजवळ शून्य ठरतो, आणि चाळीस शून्यांची बेरीज करून एक विषारी विहीर तयार होते.

लहानपणी श्रावणी सोमवारी ऐकलेली खुलभर दुधाची कहाणी आम्हांला या प्रसंगी आठवली. राजाच्या आज्ञेने साऱ्या नगरीचे दूध ओतूनही महादेवाचा गाभारा भरेना, आणि घरच्या मुलालेकरांना, गाईवासरांना तृप्त करून आलेल्या म्हातारीच्या खुलभर दुधाने तो भरला. कहाणीतले गणित आमच्या गणिताच्या अगदी उलट आहे. तेथे प्रत्येकाचा वाटा किती हे कोणी मोजीत नाही. तो कोणाच्या तोंडचा काढून आणला हे पाहिले जाते. आम्हांला वाटते, तळाचा प्रश्नही असाच विचारावयास हवा. माझ्या मैल्याने विहीर किती बिघडली, या प्रश्नाला उत्तर मिळणार नाही. ज्याला विचारलेले नाही अशा माणसाच्या पाण्यात मी माझा मैला सोडतो आहे काय, या प्रश्नाला उत्तर आहे. आणि ते आजूबाजूच्या चाळीस घरांवर अवलंबून नाही.

दुसरा आक्षेप आमच्या एका स्नेह्यांनी घेतला. तेही आमच्यासारखेच जुने अधिकारी. ते म्हणाले, "अहो, हे काम शासनाचे. आपण कर भरतो. गटार घालणे त्यांच्याकडे, आपण कशाला अपराधी वाटून घ्यावयाचे?" ज्यांनी आयुष्यभर शासनाच्या बाजूने टेबलामागे बसून उत्तरे दिली त्यांच्या तोंडी हे वाक्य गमतीचे वाटले, तरी त्यात तथ्य आहे. परंतु गटार आले म्हणजे प्रश्न मिटतो काय, हे बंगळूरइतके स्पष्ट दुसरे कोणतेही शहर सांगणार नाही. हे शहर उंच कण्यावर वसलेले आहे. त्याला स्वतःची मोठी नदी नाही. कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून, अर्धा किलोमीटर उंची चढवून येथे आणतात. विजेचा केवढा खर्च करून आणतात ते वेगळेच. वर आलेले पाणी मात्र खाली जावयास पैसे मागत नाही. पश्चिमेकडचे वृषभावतीत उतरते आणि अर्कावतीवाटे पुन्हा कावेरीस मिळते. पूर्वेकडचे कोरमंगल-चल्लघट्ट आणि हेब्बाळ या खोऱ्यांतून दक्षिण पिनाकिनीकडे जाते. वाटेत बेळ्ळंदूरचे तळे लागते. 2015 मध्ये त्या तळ्याच्या फेसाने पेट घेतला. 2017 च्या फेब्रुवारीत आणि 2018 च्या जानेवारीत तेथे पुन्हा आगी लागल्या. पाणी पेटले, हा आपल्याकडे अशक्याचा दाखला होता. येथे ते लोकांनी गॅलरीत उभे राहून पाहिले. तोच फेस पुढे तमिळनाडूत होसूरजवळच्या केलवरपळ्ळी धरणात दिसतो. त्या गटारांना जोडलेल्या प्रत्येक घराने कर भरलेला होता.

आणि हे सारे सांगूनही आम्ही प्रामाणिकपणे म्हणतो की, एवढ्याने आमचा निर्णय झाला नसता. शेजारी, फेस, नायट्रेट, हे सारे बुद्धीला पटते आणि दुसऱ्या दिवशी विसरते. निर्णय झाला तो मेस्त्रीच्या एका प्रश्नाने : भरला की उपसणार कोण?

2004 साली आम्ही एका जिल्ह्याच्या गावी होतो. बंगला जुना होता, टाकी तुंबली, आणि घाण पाणी मागच्या अंगणात आले. आम्ही कचेरीत निरोप दिला. दुपारी दोन माणसे आली. एकाने बादलीला दोर बांधला. दुसऱ्याने शर्ट काढून झाकणाशी ठेवला, वायू निघून जावा म्हणून थोडा वेळ वाट पाहिली, आणि तो आत उतरला. छातीपर्यंत. आम्ही नाकाला रुमाल लावून वाऱ्याच्या वरच्या बाजूस उभे होतो. अडीच तासांनी तो वर आला, अंगणातल्या नळावर अंग धुऊ लागला, तेव्हा आतून सांगणे आले की त्या नळाचे पाणी झाडांना घालतात, त्याला बाहेरचा नळ दाखवा. आणि आम्ही बाहेरचा नळ दाखवला. पैसे दिले. मागितले त्याहून वीस रुपये अधिक दिले, हेही आठवते. कारण त्या वीस रुपयांमुळे आम्हांला त्या रात्री झोप चांगली लागली. नाव विचारले नाही.

त्याला काही झाले नाही. होऊ शकले असते. त्या टाकीत जमणाऱ्या वायूंपैकी एकाला कुजक्या अंड्याची घाण येते; पण तो दाट झाला की प्रथम नाकच बधिर करतो, म्हणजे घाण येईनाशी झाली की माणसाला सुरक्षित वाटते, आणि चार श्वासांत तो पडतो. त्याला काढावयास दुसरा उतरतो, तोही पडतो. म्हणून अशा बातम्यांत बहुधा एक मृत्यू नसतो, दोन किंवा तीन असतात. आमच्या अंगणात तसे झाले नाही याचे श्रेय वाऱ्याला, आम्हांला नाही.

त्या वेळी आम्ही कोणताही कायदा मोडला नव्हता. 1993 चा कायदा टोपलीच्या संडासांपुरता आणि हाताने मैला वाहण्यापुरता होता. 2013 च्या कायद्याने मात्र कोणाही व्यक्तीने, स्थानिक संस्थेने वा एजन्सीने माणसाला संरक्षणाविना गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणे गुन्हा ठरवले. पहिल्या अपराधास दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यातील 'कोणाही व्यक्तीने' हे शब्द घरमालकासाठी आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अशा मृत्यूंबद्दल दहा लाखांची भरपाई ठरवली आणि 2023 मध्ये ती तीस लाखांवर नेली. आम्ही फायलींवर वाढलेली माणसे. कायदा नव्हता म्हणजे दोष नव्हता, असे म्हणण्याची सवय आम्हांला आहे. परंतु 2004 सालचा तो माणूस आणि 2013 नंतरचा माणूस यांच्या फुप्फुसांत काही फरक नाही. मग आमच्या कृत्यात तरी फरक कसा पडावा?

शुचिता या कल्पनेशी आपले जे नाते आहे ते येथे उघडे पडते. आपण स्वच्छ लोक आहोत. रोज स्नान करतो, स्वयंपाकघरात चपला नेत नाही. आपली शुद्धी घराच्या उंबरठ्यापर्यंत अत्यंत कडक आहे. पण ही शुद्धी घाण नाहीशी करून मिळवलेली नसते. ती घाण दुसऱ्याच्या अंगावर ठेवून मिळवलेली असते, आणि मग त्या दुसऱ्यालाच आपण अशुद्ध म्हणतो. मुंबईच्या जुन्या चाळींमागची घरगल्ली, किंवा 1898 च्या प्लेगनंतर बंगळूरला वसवलेल्या मल्लेश्वरम व बसवनगुडी या वस्त्यांत घरांच्या मागून काढलेले बोळ, ही या तत्त्वाची वास्तुशास्त्रीय रूपे होत. समोरच्या दाराने पाहुणा येई, मागच्या बोळाने टोपली जाई, आणि दोघांची गाठ पडत नसे. बंगळूरपासून फार दूर नसलेल्या कोलार सोन्याच्या खाणींना 1902 साली शिवनसमुद्राची वीज मिळाली, तेव्हा देशातील बहुतेक शहरे रॉकेलच्या उजेडात होती. आणि त्याच खाणवस्तीत जन्मलेल्या बेझवाडा विल्सन यांनी आपल्याच लोकांना कित्येक दशकांनंतरही हाताने मैला काढताना पाहिले, त्यातून त्यांची चळवळ उभी राहिली. 2016 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. वीज आणि टोपली एकाच वस्तीत सुखाने नांदू शकतात, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मराठी वाचकाला या संदर्भात अप्पासाहेब पटवर्धनांचे स्मरण व्हावे. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम करण्याची परवानगी मागितली. ती नाकारली, म्हणून त्यांनी उपोषण मांडले. येरवड्याच्या तुरुंगातून गांधींनीही त्यांच्यासाठी अन्न सोडले. तुरुंगात काम टाळण्यासाठी भांडणारे पुष्कळ. घाणीचे काम मिळावे म्हणून जेवण सोडणारा हा एक. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचे खत करणाऱ्या संडासांचे प्रयोग केले. आम्ही तरुणपणी हे चरित्र भक्तिभावाने वाचले होते. 2004 साली नळ दाखवताना ते आठवले नाही.

कोणी म्हणेल, मग तळ सोडणेच अधिक नीतीचे नव्हे काय? टाकी भरणार नाही, कोणी उतरणार नाही. हा प्रश्न आम्ही स्वतःला अनेक रात्री विचारला, आणि मेस्त्रीच्या सल्ल्यात मेस्त्रीला न दिसलेली ही करुणा आहे हे आम्हांला मान्य आहे. पण तळ सोडलेला खड्डाही कायमचा रिकामा राहत नाही. मातीची छिद्रे कालांतराने तेलकटाने बुजतात. वीस वर्षे म्हणजे पुष्कळदा सातआठ ठरतात. खड्डा तुंबतो, त्या वेळी मूळ मालक बहुधा घर विकून मुलाकडे गेलेला असतो, आणि कोणीतरी एक माणूस दोर बांधून उतरतो. तळ सोडणाऱ्याने उपसण्याचा प्रश्न सोडवलेला नसतो, दुसऱ्याच्या नावे बदली करून टाकलेला असतो. आपल्याला ही पद्धत चांगली परिचयाची आहे.

उपसणे टळत नाही हे एकदा पत्करले की मग ते कसे, हे ठरवता येते. येथे यंत्राच्या गाड्या आहेत. नळी सोडून गाळ ओढून घेतात, कोणी उतरावे लागत नाही. त्या तो गाळ कोठे ओततात हा पुढचा प्रश्न. कित्येक गाड्या तो आसपासच्या शेतांवर नेतात, आणि शेतकरी तो पैसे देऊन घेतात. सोनखत म्हणून हे जुनेच. कच्चा गाळ थेट भाजीवर पडला तर मात्र धोक्याचे. बंगळूरच्या विमानतळाकडच्या देवनहळ्ळीत 2015 मध्ये या गाळावर प्रक्रिया करणारे लहानसे केंद्र सुरू झाले. आपल्या वाईने तर याहून पुढचे पाऊल टाकले. ज्या गावाचे नाव आपण घाटांसाठी आणि विश्वकोशासाठी घेतो, त्याच्या नगरपालिकेने प्रत्येक घराची टाकी तुंबण्याची वाट न पाहता तीन वर्षांनी पाळीपाळीने उपसण्याची व्यवस्था लावली, आणि 2018 मध्ये गाळप्रक्रियेचे केंद्रही उभारले. जपानात अशा घरगुती टाक्यांसाठी 1983 चा स्वतंत्र कायदा आहे. मालकाने दरवर्षी टाकी तपासून घेतलीच पाहिजे, असे तो सांगतो. आमच्या मते वाईचे आणि जपानचे मर्म यंत्रांत नाही. टाकी तुंबली म्हणजे माणसे घाईने, लाजेने आणि स्वस्तात काम उरकतात. आणि माणूस आत उतरतो तो बहुधा अशा घाईच्या दिवशी. तारीख आधी ठरलेली असली की गाडीची वाट पाहता येते.

आम्ही तळ बांधला. दोन कप्पे, त्यापुढे खडी भरलेला तिसरा, आणि शेवटी कर्दळ लावलेला खडीचाच वाफा. झाकण मोठे आणि रस्त्याच्या बाजूस घेतले, गाडीची नळी पोहोचावी म्हणून. हे सर्व निर्दोष आहे असा आमचा दावा नाही. वाफ्यातून जिरणारे पाणी पिण्याजोगे नाही; थोडे का होईना, शेजाऱ्याच्या दिशेने जाईलच. मजूरही टाकी बांधताना तिच्यात उतरलेच होते. फक्त तेव्हा ती कोरी होती.

शेवटी टाकी गळते की काय हे पाहण्यासाठी ती पाण्याने भरून एक दिवस ठेवावी लागते. आमच्याकडे पाणी टँकरचे. विकतचे पाणी मैल्याच्या टाकीत ओतावयाचे, हे मेस्त्रीला काही केल्या पटेना. त्याच्या गावी, तो म्हणाला, बायका दोन घागरींसाठी रांगेत उभ्या राहतात. आम्हांला उत्तर सुचले नाही. हेच पाणी पुढे स्लॅबवर मारू, असे सांगितल्यावर तो तयार झाला. संध्याकाळी टाकी भरली, त्याने आतल्या भिंतीवर कोळशाने रेघ ओढली. सकाळी आम्ही दोघे ओणवे होऊन पाहू लागलो. पाणी रेघेच्या दोन बोटे खाली होते.

मेस्त्रीने आमच्याकडे पाहिले. दोन बोटांनी काय होते, असे तो म्हणेल अशी आमची अपेक्षा होती. तो काही बोलला नाही. त्याने टाकीतले पाणी पंपाने स्लॅबवर सोडले, पोरांना सिमेंट कालवावयास सांगितले, आणि कोपऱ्याचा गिलावा खरवडून काढावयास स्वतः आत उतरला. दुसऱ्या टँकरचे पैसे आम्ही त्याच दुपारी दिले.